बरगड्यांखालच्या दुखण्याची कारणे सांगणारे मराठी ॲप : तीन आठवड्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

उजव्या बाजूच्या बरगड्या जिथे संपतात तिथे, बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी, मला दुखू लागून दहा दिवस झाले होते. पहिले दोन दिवस मी त्याला उसण म्हटले, पुढचे चार दिवस पित्त म्हटले, आणि मग रात्री कूस बदलताना चमक निघून जाग येऊ लागली तेव्हा त्याला काय म्हणावे हेच कळेनासे झाले. डॉक्टरांची भेट आणखी आठवड्याने ठरली होती. मधल्या काळात हाताशी काहीतरी असावे म्हणून मी वर्गणी भरून एक आरोग्यविषयक ॲप घेतले. लक्षणे सांगितली की संभाव्य कारणे सांगणारे आणि पूर्णपणे मराठीत चालणारे, अशी त्याची जाहिरात होती. एका व्यक्तीच्या एका दुखण्यावरून एखाद्या सेवेला नावानिशी बरेवाईट ठरवणे मला योग्य वाटत नाही, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही. मात्र बरगड्यांखालच्या दुखण्यासाठी अशा सेवेचा किती उपयोग होतो आणि ती नेमकी कुठे कमी पडते, हे मी तीन आठवडे बारकाईने पाहिले आहे.

या सेवेचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात लक्षणांची प्रश्नावली असते आणि ती संपली की संभाव्य कारणांची यादी मिळते. दुसऱ्या भागात डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येते. तिसऱ्या भागात आपण तपासण्यांचे अहवाल चढवायचे आणि ॲपने त्यांचा अर्थ सोप्या भाषेत सांगायचा. माझा अनुभव या तिन्ही भागांत इतका वेगवेगळा आहे की तिन्हींना मिळून एकच गुण देणे अवघड आहे.

सुरुवात चांगली आहे, हे आधी सांगायला हवे. 'बरगड्यांखाली दुखते' एवढे निवडल्याबरोबर ॲप कारणांकडे वळत नाही. छातीवर दडपण आहे का, दरदरून घाम सुटला आहे का, श्वास लागतो आहे का, दुखणे जबड्यात किंवा हातात जाते आहे का, असे प्रश्न ते आधी विचारते. यातील एकाचेही उत्तर 'हो' दिले, तर प्रश्नावली तिथेच थांबते आणि तातडीच्या सेवेला फोन करण्याची सूचना पडदाभर दिसते. हा क्रम अगदी योग्य आहे, कारण हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला तर दुखणे छातीत न जाणवता बरगड्यांच्या मधोमध, पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकते आणि सोबत मळमळही असते. मधुमेह असलेल्यांमध्ये, वृद्धांमध्ये आणि स्त्रियांमध्ये असे फसवे रूप अधिक आढळते. ते अपचन समजून रात्र काढण्यापेक्षा एक ईसीजी विनाकारण निघालेला बरा. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, डोळ्यांत पिवळेपणा, थंडी वाजून ताप आणि लाकडासारखे ताठ झालेले पोट यांविषयीही ॲप याच टप्प्यावर विचारते. या पहिल्या पायरीला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण आहेत.

अडचण दुसऱ्या पायरीवर सुरू होते, आणि ती भाषेची आहे. 'वेदनेचा प्रकार निवडा' या प्रश्नाखाली मला चार पर्याय दिसले : तीक्ष्ण, मंद, पेटके येणारी आणि पसरणारी. आपल्या दुखण्याविषयी बोलताना 'मला तीक्ष्ण वेदना होते आहे' असे म्हणणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही. आपल्याकडे त्यासाठी चमक, कळ, ठणका, रग, जळजळ, पिळवटणे, हुळहुळणे असे किती तरी शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. हालचालीबरोबर क्षणभर येते आणि जाते ती चमक. स्नायू, बरगडीचा सांधा, नस किंवा फुप्फुसावरचे आवरण दुखावले तर ती येते. कळ येते, वाढत जाते, ओसरते आणि पुन्हा येते, म्हणजे बहुधा एखादी पोकळ नळी अडथळ्याविरुद्ध आवळते आहे. ठणका सतत राहतो आणि सुजेची, पुवाची आठवण करून देतो. हुळहुळणे कातडीचे असते. शब्दावरून निदान होत नाही हे मान्य आहे, पण कोणत्या दाराशी आधी उभे राहायचे ते शब्दावरून पुष्कळदा कळते. मराठीत चालणाऱ्या ॲपने नेमकी हीच संपत्ती बाहेर ठेवावी याचे मला नवल वाटले.

याहून गंभीर घोटाळा 'पित्त' या शब्दाचा झाला. 'तुम्हाला पूर्वी पित्ताचा त्रास झाला आहे का?' असा प्रश्न आला आणि मी विचार न करता 'हो' म्हटले, कारण छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि सकाळची मळमळ याला आपण सगळेच पित्त म्हणतो. हा त्रास जठरातील आम्लाचा असतो. ॲपला मात्र पित्ताशयाचा त्रास अभिप्रेत होता, म्हणजे यकृताखाली असलेल्या त्या लहान पिशवीचा, जिच्यात यकृताने तयार केलेला पित्तरस साठतो आणि कधी कधी खडे धरतात. बोलीतले पित्त आणि शरीरशास्त्रातले पित्त या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि बरगड्यांखालच्या दुखण्यात नेमक्या याच दोन वस्तू वेगळ्या करायच्या असतात. माझ्या त्या एका 'हो'मुळे पुढची सगळी प्रश्नावली पित्ताशयाकडे वळली. हे मला दोन दिवसांनी, उत्तर बदलून पाहिल्यावर कळले.

दुखण्याची जागा दाखवण्यासाठी ॲपमध्ये शरीराचे चित्र दिलेले आहे, आणि ते फक्त समोरून आहे. पोट आणि छाती यांच्या सीमेवरच्या दुखण्यासाठी हे अपुरे आहे, कारण या भागात जिथे दुखते तिथेच कारण असते असे नाही. पित्ताशयाचे दुखणे उजव्या खवाट्याखाली जाते. स्वादुपिंडाचे दुखणे आरपार पाठीत जाते आणि पुढे वाकून बसले की थोडे सुसह्य होते. मूत्रपिंडाचे दुखणे मुळातच मागे, शेवटची बरगडी आणि पाठीचा कणा यांच्या कोपऱ्यात असते आणि मुतखडा खाली सरकू लागला की जांघेकडे उतरते. श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, खालून काही टोचू लागले तर दुखते ते चक्क खांद्याच्या टोकाला, कारण या पडद्याची नस मानेतून निघते आणि खांद्याच्या कातडीची संवेदनाही मानेच्या त्याच भागात पोहोचते. पोटाला मार लागून प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालची पाणथरी, फाटली तर डावा खांदा दुखू शकतो. 'खांदा दुखतो का?' हा प्रश्न ॲपमध्ये आहे, पण तो सांधेदुखीच्या विभागात आहे.

आता माझ्या यादीकडे येते. वय ४६, स्त्री, उजव्या बरगड्यांखाली दुखणे, पूर्वी 'पित्ताचा' त्रास, एवढ्या माहितीवर ॲपने पहिल्या क्रमांकावर पित्ताशयातील खडे दिले, दुसऱ्यावर यकृतात चरबी साठणे आणि तिसऱ्यावर जठरव्रण, म्हणजे अल्सर. जागा, वय आणि लिंग पाहता हा क्रम चुकीचा म्हणता येणार नाही, कारण पित्ताशयाचे खडे स्त्रियांमध्ये आणि चाळिशीनंतर अधिक आढळतातच. तक्रार वेगळी आहे. पित्ताशयाच्या दुखण्याला स्वतःचे वेळापत्रक असते आणि ते ॲपने मला विचारलेच नाही. खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकला की दुखणे चढत जाते, साधारण अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत एका पातळीवर टिकते आणि खडा मागे सरकला की उतरते. स्निग्ध जेवणानंतर किंवा मध्यरात्री ते येते, कोणत्याही कुशीवर वळले तरी कमी होत नाही, आणि दोन झटक्यांच्या मध्ये माणूस अगदी ठणठणीत असतो. पाच-सहा तासांनंतरही ते थांबले नाही आणि ताप आला, तर पित्ताशयाला सूज आल्याची शंका घ्यावी लागते. माझे दुखणे यातल्या कशातच बसत नव्हते. ते जेवणाशी बांधलेले नव्हते, खुर्चीतून उठताना, गाडीत मागे वळून पाहताना, शिंकताना येत होते आणि शांत पडून राहिले की जात होते. 'हालचालीने वाढते का?' हा एकच प्रश्न विचारला असता तर यादी उलटी झाली असती.

यकृताविषयी ॲपने दिलेला मजकूर मात्र वाचण्यासारखा आहे. यकृताच्या आतल्या पेशीसमूहाला दुखण्याची जाणीव फारशी नसते, दुखते ते त्याचे आवरण ताणल्यावर, आणि म्हणून कावीळ, गळू किंवा हृदयाच्या अशक्तपणामुळे तुंबलेले रक्त यांनी यकृत भरभर फुगले तर उजवी बाजू जड होते, उलट हळूहळू साठत गेलेली चरबी वर्षानुवर्षे अवाक्षर काढत नाही, हे त्यात नीट समजावले आहे. जठरव्रणावरचा मजकूर त्यामानाने जुनाट वाटला. ताणतणाव आणि तिखट खाणे ही त्याने सांगितलेली पहिली दोन कारणे आहेत. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वेगळा केला आणि त्याच कामासाठी २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्याला आता बराच काळ लोटला आहे. हा जिवाणू आणि सांधेदुखी-डोकेदुखीसाठी मनानेच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, ही दोन खरी मोठी कारणे ॲपमध्ये शेवटच्या ओळीत आहेत. 'तुम्ही वेदनाशामक गोळ्या घेता का?' असे ते विचारतही नाही. मी त्या दहा दिवसांत रोज दोन घेत होते.

यादीच्या खाली सोनोग्राफी करून घेण्याचा सल्ला होता आणि तो मी पाळला. सहा ते आठ तास उपाशीपोटी यायला का सांगतात हे तिथल्या डॉक्टरांनी मला समजावले : जेवल्यावर पित्ताशय आकुंचन पावून रिकामे होते आणि आकसलेल्या पिशवीत खडा शोधणे कठीण जाते. पडद्यावर एक पांढरा ठिपका आणि त्याच्यामागे काळी सावली दिसत होती. मला कुशीवर वळवल्यावर ठिपका घरंगळत दुसरीकडे गेला. अहवालात लिहिले होते : एक खडा, ८ मिलिमीटर, पित्ताशयाची भिंत २ मिलिमीटर, पित्तनलिका ४ मिलिमीटर, आजूबाजूला पाणी नाही, यंत्राने दाबल्यावर पित्ताशयावर दुखत नाही.

हा अहवाल मी ॲपच्या तिसऱ्या भागात चढवला आणि मिनिटभरात लाल चौकट आली : 'तुमच्या वेदनेचे कारण सापडले आहे. शस्त्रक्रियेबाबत तज्ज्ञांशी बोला.' या सेवेविषयीची माझी सर्वांत मोठी तक्रार याच चौकटीबद्दल आहे. खडा सापडला, कारण सापडले नव्हते. पित्ताशयात खडे असलेल्यांपैकी बहुतेकांना, म्हणजे सुमारे ८० टक्के लोकांना, त्यांचा काहीही त्रास नसतो आणि अशा मुक्या खड्यांपैकी वर्षाला साधारण १ ते ४ टक्केच त्रास देऊ लागतात. त्रास न देणारा खडा सहसा काढत नाहीत, त्याच्यावर लक्ष ठेवतात. भिंतीची जाडी, नलिकेची रुंदी आणि दाबल्यावर न दुखणे, या तिन्ही गोष्टी त्याच अहवालात माझ्या बाजूने बोलत होत्या, पण ॲपने 'खडा' हा एक शब्द वाचला आणि बाकीचे सोडून दिले. त्या रात्री मी घरात शस्त्रक्रियेची भाषा सुरू केली होती, हे कबूल करते.

व्हिडिओवरच्या डॉक्टरांनी ही चौकट पाहिली आणि बाजूला ठेवली. त्यांनी अहवालाविषयी काही न बोलता विचारले, "दुखणे सुरू होण्याच्या आधी तुम्हाला खोकला झाला होता का?" झाला होता, तीन आठवडे टिकलेला, बरगड्या खिळखिळ्या करणारा. ॲपने मला 'अपघात किंवा इजा झाली आहे का?' असे विचारले होते आणि मी प्रामाणिकपणे 'नाही' म्हटले होते, कारण खोकल्याला कोणी इजा म्हणत नाही. मग त्यांनी मला फोन टेबलावर टेकवून पलंगावर उताणे निजायला सांगितले. सगळ्यात जास्त दुखते तिथे एक बोट दाबून धरायचे, दुसरा हात छातीवर ठेवायचा आणि उशीवरून डोके व खांदे उचलायचे. मी उचलले आणि बोटाखाली एवढ्या जोरात दुखले की ओरडलेच. "आता सांगा," त्या म्हणाल्या, "नुसते दाबल्यापेक्षा आता जास्त दुखले की कमी?"

या साध्या चाचणीला कार्नेट या शल्यचिकित्सकांचे नाव आहे, कारण त्यांनी ती १९२६ मध्ये मांडली. डोके उचलले की पोटाचे स्नायू फळीसारखे ताठ होतात आणि आतल्या अवयवांवर ढाल धरतात. कारण आत असेल तर दाबल्याचे दुखणे कमी होते. तेवढेच राहिले किंवा वाढले, तर ते ढालीतच, म्हणजे पोटाच्या भिंतीत असण्याची शक्यता मोठी. भिंतीतले दुखणे आतले समजून माणसे एकामागून एक तपासण्या करत राहतात, त्यामुळे ही बिनखर्चाची चाचणी प्रश्नावलीत का नाही, हे मला समजलेले नाही. ती घरी, कोणाच्याही मदतीशिवाय, अर्ध्या मिनिटात करता येते. अर्थात तिच्यावर विसंबून डॉक्टरांकडे जाणे टाळावे असे मी म्हणत नाही आणि त्या डॉक्टरांनीही तसे म्हटले नाही. त्यांनी स्पष्ट सांगितले की पुढचे काम हाताने तपासल्याशिवाय होणार नाही.

ते हाताने तपासणे आठवड्याच्या शेवटी झाले. प्रत्यक्ष भेटीत डॉक्टरांनी आधी उजव्या बरगड्यांखाली बोटे रोवून खोल श्वास घ्यायला सांगितले. पित्ताशय सुजलेले असते तर श्वासाबरोबर खाली सरकून ते बोटांवर आदळले असते आणि माझा श्वास मध्येच अडला असता. तो अडला नाही. मग त्यांनी बोटे आकड्यासारखी वळवून बरगडीच्या कडेखाली घातली आणि ती हलकेच पुढे, वर ओढली. टक् असा आवाज झाला, जो त्यांनाही ऐकू आला, आणि अडीच आठवडे मी शोधत असलेली चमक नेमकी त्या क्षणी निघाली. निदान निसटत्या बरगडीचे होते. बरगड्यांच्या १२ जोड्यांपैकी वरच्या सात छातीच्या हाडाला स्वतंत्रपणे जोडलेल्या असतात. आठवी, नववी आणि दहावी थेट हाडापर्यंत पोहोचत नाहीत, आपापल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला, म्हणजे टोकाच्या मऊ, लवचीक हाडाला, टेकून राहतात, आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्याच असतात. मधल्या तिघींची ही कूर्चेची गाठ खोकल्याने, पिळाने किंवा माराने सैल झाली की बरगडीचे टोक वरच्या बरगडीखाली सरकते आणि दोन्हींच्या मधून जाणाऱ्या नसेला चिमटते. दुखणे बरगडीचे असते, पण जाणवते बरगडीखाली, पोटात. माझ्या बाबतीत खडाही खरा होता आणि दुखणेही खरे होते, दोघांचा एकमेकांशी संबंध मात्र नव्हता.

यानंतर कुतूहल वाढले, म्हणून मी निरनिराळी लक्षणे भरून त्या प्रश्नावलीची परीक्षा घेतली. स्वादुपिंडाच्या सुजेची ठरावीक लक्षणे भरली : वरच्या पोटात अचानक सुरू झालेले, पाठीत जाणारे, सतत टिकणारे दुखणे आणि थांबत नसलेल्या उलट्या. ॲपने ते बरोबर ओळखले, तातडीची सूचना दिली आणि पित्ताचे खडे व मद्यपान ही दोन प्रमुख कारणेही सांगितली. मुतखड्यालाही ते चुकले नाही. एका जागी बसवत नाही, येरझाऱ्या घालाव्या लागतात, हे वाक्य तिथे मिळाले आणि ते अचूक आहे. पोटाच्या आवरणाला सूज आलेला माणूस याच्या उलट हलायलाही घाबरतो, हा फरकही त्यांनी नोंदवला आहे.

फुप्फुसाच्या बाबतीत निकाल वाईट लागला. ताप, खोकला आणि श्वास घेताना उजव्या बरगड्यांखाली दुखणे, एवढे भरूनही यादीत पित्ताशय पहिले आले आणि न्यूमोनिया पाचवा. छातीच्या खालच्या भागातून निघणाऱ्या नसाच पुढे पोटाच्या भिंतीला संवेदना देतात, त्यामुळे फुप्फुसाच्या तळाशी झालेला न्यूमोनिया पोटदुखी बनून येऊ शकतो, लहान मुलांत तर विशेषच. लांबचा प्रवास, एका पोटरीला सूज आणि एकाएकी लागलेला श्वास भरल्यावर मात्र फुप्फुसातील रक्ताच्या गुठळीचा इशारा लगेच मिळाला.

नागिणीची तऱ्हा तर आणखीच. एका बाजूला पट्ट्यासारखी आग, कपडा लागला तरी सहन न होणे आणि पुरळ अजून नाही, असे भरल्यावर ॲपने 'हर्पीस झोस्टर' हे नाव शेवटून दुसरे दिले आणि 'नागीण' हा शब्द कुठेही वापरला नाही. या आजारात दुखणे पुरळाच्या काही दिवस आधी सुरू होऊ शकते आणि विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा उपयोग सर्वाधिक होतो. अशा वेळी वाचणाऱ्याला ओळखीचा शब्द दिसणे आवश्यक आहे. 'आरशात पाठ आणि कूस पाहा, रोज पाहा' ही एक ओळ पुरेशी होती.

डाव्या बाजूला ॲपचे लक्ष मुळातच कमी आहे. प्लीहेच्या सुजेसाठी ते हिवतापाविषयी विचारते, हे चांगले, परंतु अलीकडे पोटाला मार लागला का, हे विचारत नाही. मोठे आतडे प्लीहेजवळ वळण घेते तिथे वायू अडकून डाव्या बरगड्यांखाली तडस लागते, वायू सरला की सुटते, आणि त्या काळात माणसाला हृदयाची भीती वाटते. एवढ्या सर्रास आढळणाऱ्या गोष्टीला ॲपने एक ओळ दिली आहे. गरोदर स्त्रियांसाठीचा प्रश्नही अर्धाच आहे. गरोदर आहात का, असे विचारले जाते, पण कितवा आठवडा हे विचारत नाही. विसाव्या आठवड्यानंतर उजव्या बरगड्यांखाली दुखणे, डोके ठणकणे आणि डोळ्यांपुढे काजवे चमकणे हे रक्तदाब वाढून यकृतावर ताण आल्याचे लक्षण असू शकते आणि तिथे त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. ही उणीव त्यांनी सर्वांत आधी भरून काढावी असे मी त्यांना कळवले आहे.

आता गुणांचे. तातडीच्या प्रश्नांना पाच, व्हिडिओवरच्या सल्ल्याला साडेचार, प्रश्नावलीला अडीच आणि अहवाल वाचून दाखवणाऱ्या भागाला एक. अर्धा गुण सल्ल्यात कापला तो वेळेसाठी; पहिली भेट बारा मिनिटांत आपोआप बंद झाली आणि मी तेव्हा अजून उताणीच होते. घ्यावे का, असे कोणी विचारले तर मी घ्या म्हणेन, मात्र यादीसाठी नव्हे. ॲपमध्ये रोजची नोंद ठेवण्याची सोय आहे : केव्हा दुखले, किती वेळ टिकले, आधी काय खाल्ले, कशाने थांबले, श्वासाने वाढले का. ती नोंद मी सहा दिवस ठेवली आणि प्रत्यक्ष भेटीत डॉक्टरांनी अहवालाआधी तीच वाचली. जेवणाच्या रकान्यात काहीच ताळमेळ नव्हता आणि हालचालीच्या रकान्यात प्रत्येक ओळीत काहीतरी होते. ज्यांना ताप, कावीळ, श्वास लागणे, वजन उतरणे किंवा दिवसेंदिवस चढत जाणारे दुखणे आहे, त्यांनी नोंदी करत बसू नये.

दुखणे आता तीन-चतुर्थांश गेले आहे. पिळाच्या हालचाली टाळणे, व्यायामतज्ज्ञांनी शिकवलेले श्वासाचे आणि पाठीचे व्यायाम आणि खोकला पूर्ण आटोक्यात आणणे एवढ्यावर माझे भागले. ज्यांचे भागत नाही त्यांच्या नसेजवळ भूल देणारे इंजेक्शन देतात आणि फारच चिवट प्रकरणात शस्त्रक्रियेचा विचार होतो. पित्ताशयातला खडा आहे तिथेच आहे आणि त्याच्याविषयी कोणती लक्षणे दिसली तर यायचे ते मला लिहून दिलेले आहे. ॲपमधील माझ्या खात्यावर 'वेदनेचे निश्चित कारण : पित्ताशयातील खडा' ही ओळ मात्र अजून तशीच आहे. ती दुरुस्त करण्यासाठी मी दोनदा विनंती केली. दोन्ही वेळा उत्तर आले की कारणाची नोंद वापरकर्त्याला बदलता येत नाही, आणि त्या उत्तराखाली नेहमीचा प्रश्न होता : आज तुमची वेदना कशी आहे, तीक्ष्ण, मंद, पेटके येणारी की पसरणारी?